तिसऱ्या कडव्याची चाल

भाड्याची खोली बघायला जाताना मी यादी घेऊन जाते. पाणी किती वेळ येतं, संडास आत की बाहेर, एसटी स्टँड किती लांब, दाराची कडी आतून नीट लागते का, आणि शेवटी घरमालकाचा स्वभाव. अर्जुनी मोरगावला बदली झाली तेव्हाही यादी पर्समध्ये होती. पण त्या घरी मला एकही प्रश्न विचारता आला नाही. छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक उंच, खांद्यातून वाकलेला माणूस हार्मोनियमचा भाता मांडीवर घेऊन बसला होता. भात्याला उंदरांनी पाडलेलं भोक ते बोटाने चाचपत होते. वर न बघता त्यांनीच मला विचारलं,

"गाता का जी तुमी?"

मी म्हटलं, नाही.

"भांडे घासता घासता गुनगुनता?"

तेही नाही म्हटलं.

"मंग राहा."

अशी मला खोली मिळाली. पाणी एकच वेळ येत होतं आणि कडी नीट लागत नव्हती, हे मला राहायला आल्यावर कळलं.

गाव त्यांना मास्तर म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नव्हतं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत ते पायपेटी वाजवायचे. दिवाळी ते होळी हा नाटकांचा हंगाम; तेवढे महिने ते घरी नसतच. बाकीचं वर्ष छपरीत बसून पेट्या दुरुस्त करायचे. भजनी मंडळाची पेटी, विहारातल्या गायन पार्टीची पेटी, शाळेची पेटी, सगळ्या पोट उघडून एका रांगेत मांडलेल्या असत. मी एकदा सुचवलं की आलेल्या क्रमाने चिठ्ठ्या लावून ठेवू. त्यांनी मला सांगितलं की आधी आली म्हणून पेटी आधी बरी होत नसते. जिला वाजवणारा रोज हात लावतो तिचा नंबर पहिला. शाळेची पेटी त्यामुळे कायम शेवटी राहिली.

त्यांची एक सवय गावाला चांगली माहीत होती. कुठेही गाणं लागलं की मास्तर थांबायचे आणि विचारायचे, "शब्द कोनाचे?" चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात. चाल कुणाची, गायलं कुणी, हे त्यांना नको असे. न्हावी बिचारा अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून आठवायचा. आठवलं नाही तर मास्तर बाकीची दाढी तशीच ठेवून उठायचे, असं लोक सांगत. मी पाहिलेलं नाही, पण मला खरं वाटतं. लग्नपत्रिकेवरच्या दोन ओळीही त्यांनी सोडल्या नाहीत. पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी विचारलं की हे कोनी जुळवलं. तो म्हणाला, प्रेसवाल्याकडे छापूनच असते. मास्तरांनी पत्रिका परत त्याच्या हातात दिली, म्हणाले, लग्नाले येतो, पत्रिका राहू दे.

मी आवक-जावक टेबलावर काम करणारी बाई. प्रत्येक कागद कुठून आला आणि कुठे गेला याची नोंद ठेवणं हे माझं पोट. त्यामुळे त्यांची ही सवय मला वेडाची वाटली नाही, उलट बरी वाटली. मात्र ती कुठून आली हे कळायला वेळ लागला.

पेटी बरी झाली की मास्तर ती तपासायला नेहमी एकच चाल वाजवत. मला वाटलं, असेल काहीतरी तपासायची पद्धत. मग एक दिवस आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा मोबाईल वाजला आणि तीच चाल आली. पुढच्या आठवड्यात वरातीत बँडने वाजवली, नवरदेवाचे मित्र तीवर नाचले. त्यानंतर मला ती सगळीकडे ऐकू यायला लागली. गोंदियाच्या रिक्षात हिंदी शब्दांत, रेल्वेत छत्तीसगडी बायकांच्या तोंडी, दसऱ्याला लाऊडस्पीकरवर. मूळ गाणं असं होतं:

तुझ्या बांधीचं पाणी माझ्या बांधीत येऊ देऊ नको,
धुरा मीच फोडला आहे, तू तो बुजवाया जाऊ नको.

बांधी म्हणजे धानाचं खाचर, आणि धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. नाटकातली नायिका नवऱ्याला सोडून निघते, तेव्हा दारात उभी राहून हे म्हणते. पहिल्या ओळीत तुझं काही नको म्हणते, दुसऱ्या ओळीत वाट मोकळी ठेवून जाते. आमच्या ऑफिसात कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा वेगळा निघाला, कुणाची प्रेयसी दुसरीकडे दिली, की तो माणूस जेवणाच्या सुट्टीत हेच गाणं लावून बसायचा. जिल्ह्यात ताटातुटीला दुसरं गाणं नाही म्हणा ना.

हे गाणं मास्तरांचं आहे हे शिपायानेच मला सांगितलं. पुढे आवाज खाली करून म्हणाला, "बायको सोडून गेली जी त्याहिची. त्या दुखात केलं."

तीच चूक सगळा जिल्हा करत होता, आणि तिच्याशी भांडण्यात मास्तरांचं उरलेलं आयुष्य चाललं होतं.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं ते एका गावच्या मंडईला. आमच्या भागात दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. जत्राच ती. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि संध्याकाळी नाटक असतं. मास्तरांनी मला आग्रहाने नेलं होतं. पडदा उघडायच्या आधी निवेदकाने कंपनीची ओळख करून दिली आणि पायपेटीकडे हात करून म्हणाला की ज्यांनी पत्नीच्या विरहात हे अजरामर गाणं लिहिलं, ते गीतकार-संगीतकार मास्तर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी पेटीवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. नांदीला तबला सुरू झाला, पेटी नाही. तबलेवाला थांबला. निवेदकाला हे प्रकरण माहीत असावं, कारण तो डोक्याला हात लावूनच परत आला. माईकवर म्हणाला, "चूक झाली. संगीत मास्तरचं. शब्द..." आणि एका बाईचं नाव घेतलं.

"आनखी?" मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले.

"आणि विरहात नाही केलं."

"मंग कायच्यात केलं?"

"आनंदात," निवेदक म्हणाला. मंडप हसला. मास्तरांनी पेटीवर हात ठेवले आणि नाटक सुरू झालं.

परतताना मी त्यांना म्हटलं की लोकांना तुमच्याबद्दल वाईट वाटतं, त्यात चिडण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, "माज्याबद्दल वाईट वाटते नं. म्हंजे तिच्याबद्दल वाईट बोलते."

गाणं कसं झालं हे त्यांनी मला निदान पंधरवड्यातून एकदा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही, म्हणून मी खरं मानते. दोघं नवरा-बायको तेव्हा एकाच कंपनीत होती. ते पेटीवर, ती गाणाऱ्या पार्टला, म्हणजे गाणारीच्या भूमिकेत. दिग्दर्शकाने निरोप पाठवला की नायिका घर सोडते तिथे गाणं पाहिजे, संध्याकाळच्या तालमीला घेऊन या. ती चुलीपुढे लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. हे समोर पेटी घेऊन बसले होते, सुचत काही नव्हतं. शेजारी दोन भाऊ पाण्यावरून भांडत होते. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत येतं, आणि ज्याला नको असेल त्याच्याही येतं. धाकटा ओरडत होता की तुझ्या बांधीचं पाणी माझ्या बांधीत येऊ देऊ नको. थोरला ओरडत होता की धुरा तूच फोडला, आता मी कायले बुजवू. ती झारा हातात धरून ऐकत बसली. मग तिने तेच भांडण हळू आवाजात, लाडात, यांना म्हणून दाखवलं. यांनी पेटी लावली. दोघं इतकी हसली की कढईतला घाणा जळला.

"जळलेले वडे खाल्ले आमी," मास्तर सांगत. "गानं आधी झालं. भांडन मागून."

मागून झालेलं भांडण ते एवढ्या वेळा सांगत नसत. ते मी एकदाच ऐकलं. मी अंगणात वाळत घातलेल्या गाद्या आत घेत होते आणि ते भाता शिवत होते. गाणं गाजल्यावर कंपनीच्या मालकाने कॅसेट काढली. वेष्टनावर छापलं, गीत-संगीत, आणि पुढे एकट्या मास्तरांचं नाव. तिने ते मंडईतल्या दुकानात टांगलेलं पाहिलं. घरी येऊन कॅसेट यांच्यापुढे ठेवली. हे म्हणाले, "एकाच घरचं तं आहे." मालकाशी बोलतो म्हणाले नाहीत. पुसायला लावतो म्हणाले नाहीत. ती कपड्यांची ट्रंक भरून दुसऱ्या कंपनीत गेली. तिथे तिला हे गाणं गाता येईना, कारण एका कंपनीचं गाणं दुसरीने गायचं नाही असा रिवाज. शब्द तिचे, आणि तिलाच बंदी. दोन हंगाम दोघं एकाच भागात शेजारच्या गावांत नाटकं करत फिरली आणि भेटली नाहीत. पुढे चार माणसांत बसून फारकत झाली. मूलबाळ नव्हतं, भांडीकुंडी तिने मागितली नाहीत.

"ते एक वाक्य मले परत घेता आलं असतं," एवढं म्हणून मास्तरांनी दोरा दाताने तोडला.

पण याहूनही त्यांना लागलेली गोष्ट वेगळीच होती. गाण्याला तिसरं कडवं होतं. तिने ते तालमीत एकदा गाऊन दाखवलं होतं. दिग्दर्शक म्हणाला की लांबते, दोनच ठेवा, तिसऱ्याच्या जागी नुसती पेटी वाजू द्या. तेव्हापासून तिसरं कडवं पेटीच वाजवते. आजही कुठल्याही गावात हे गाणं झालं की दोन कडव्यांनंतर गायक गप्प उभा राहतो आणि पेटी एकटी चालते. लोकांना वाटतं की तशीच रीत आहे. मास्तरांना चाल पाठ होती. शब्द मात्र आठवत नव्हते.

मी विचारलं, एकही शब्द नाही?

"मी सूर आयकत होतो जी. ती गाऊन राहिली होती अन मी सूर आयकत होतो."

मग मला न्हाव्याचं दुकान, पत्रिका, टपरी सगळ्याचा उलगडा झाला.

मी असताना गोंदियाहून एक तरुण मास्तरांची मुलाखत घ्यायला आला. त्याचं मोबाईलवर चॅनेल होतं. त्याने आपल्या चॅनेलवर हे गाणं आधीच टाकलेलं होतं आणि खाली 'पारंपरिक' लिहिलं होतं. मास्तरांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"पारंपरिक म्हंजे?" त्यांनी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "मतलब, किसने लिखा पता नहीं. पुराना है."

"पता नाही म्हंजे बाई मेली का?"

तो बिचारा वरमला. नाव घालतो म्हणाला. मग त्याने कॅमेरा लावला आणि मऊ आवाजात विचारलं की बायको गेली त्या दिवशी मनात काय होतं. मास्तरांनी त्याला लाखोळीचे वडे कसे करतात ते सांगितलं. डाळ किती भिजवायची, जाडसर वाटायची, तेल किती तापवायचं, आणि समोर कुणी भांडत असेल तर झारा कसा हातातच राहतो, सगळं. तो त्यांना दोनदा रडण्याच्या जागी घेऊन गेला, हे दोनदा कढईकडे परत आले. व्हिडिओ आला तेव्हा वड्यांचा भाग कापलेला होता. वर हिंदीत बेवफाई आणि दर्द असं काहीसं लिहिलं होतं. नाव घातलं नव्हतं.

मास्तर मला म्हणाले, खाली लिहा. मी लिहिलं, मुद्देसूद, एक-दोन-तीन करून. शब्द कुणाचे, गाणं कधी झालं, विरहाशी संबंध कसा नाही. त्यावर एकच उत्तर आलं, 'आजोबा रडले काऊन नाही?' मास्तरांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं आणि खूप हसले. जेवले मात्र नाहीत त्या दिवशी.

पुढे मला कामासाठी गोंदियाला जायचं होतं. निघायच्या सकाळी मास्तर खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. असं ते कधी येत नसत. आपल्या कामांत माझं एक काम घ्या म्हणाले. ती गोंदियाजवळ नागऱ्याला राहते, महादेवाच्या देवळापाशी बहिणीच्या हारफुलांच्या दुकानात बसते. तिला एवढंच विचारायचं की तिसरं कडवं देते का. मी म्हटलं, तुम्ही स्वतः चला की. गाडी थेट आहे.

"चार लोकाइत सांगितलं होतं तिनं, माज्या दारात येऊ नोको म्हनून. तिच्या दारात मी जाईन कसा?"

"आणि देणार नाही म्हणाली तर?"

"तं नाही म्हनाली म्हनून सांगा. जसंच्या तसं सांगा. तुमी मधात काही टाकू नोका."

ऑफिसचं काम लवकर आटोपलं. नागऱ्याला पोचले तेव्हा देवळापुढे फारशी गर्दी नव्हती. दुकानात एक ठेंगणी, काळीसावळी बाई झेंडूचे हार ओवत होती. चेहऱ्यावर पार्टवालीचं काही दिसत नव्हतं, पण तिने गिऱ्हाईकाला हाक मारली तेव्हा कळलं. आवाज थेट देवळाच्या मागे जाऊन परत आला. मी ओळख सांगितली. मास्तरांची भाडेकरू म्हटल्यावर तिने क्षणभर सुई फुलातच थांबवली, पण मान वर केली नाही.

"जिवंत आहे का?"

मी म्हटलं, आहेत. पेट्या दुरुस्त करतात.

"अन नाटकं बंद पाडते म्हंते. म्हातारपनी याले काय झालं?"

"ते का बंद पाडतात हे माहीत नाही का मावशी तुम्हाला?"

माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्यापर्यंत एवढीच बातमी आली होती की मास्तर भर मंडपात हात उचलून बसतो, डोकं फिरलं त्याचं. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. निवेदकाचं, टपरीचं, न्हाव्याचं, पत्रिकेचं, 'पारंपरिक'चं. बाई मेली का, हे सांगितलं तेव्हा तिला हसू आलं आणि ते तिने पदराने पुसलं. हार तेवढ्यात बराच लांब झाला होता. देवाच्या गळ्यापेक्षा जास्तच. तिच्या लक्षात आलं नाही.

मग मी कामाचं विचारलं. तिसरं कडवं देता का?

तिने एका गिऱ्हाईकाला नारळ दिला, सुटे परत केले, पाण्याचा शिपका फुलांवर मारला.

"नाही म्हना."

मी म्हटलं, बरं. मला तेवढंच विचारायचं होतं. मी उठले, तर तिने माझा हात धरून खाली बसवलं.

"चाल त्याच्यापाशी आहे, शब्द माज्यापाशी आहे. दोन्ही त्याच्यापाशी गेले तं मंग तो मले विचारल कायले?"

परत येताना गाडीत मला झोप लागत नव्हती. मध्ये काही टाकू नका असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मला पुष्कळ टाकावंसं वाटत होतं. तिने मला चहा पाजला, दुकानातली मोगऱ्याची पुडी दिली, अर्जुनीत अजून तीच विहीर आहे का विचारलं. हे सगळं मी खिडकीशी बसून मनात एकाखाली एक लिहिलं आणि पुसलं. घरी आल्यावर छपरीत उभी राहून तिची दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. आधी नाही. मग दुसरं.

मास्तरांनी ऐकलं. भात्याला शेवटचा टाका घातला.

"मंग आहे तिच्यापाशी," ते म्हणाले. "विसरली नाही."

त्यांनी पेटी समोर ओढली आणि दोन कडवी सोडून तिसऱ्याचीच चाल वाजवली. नंतर रोज संध्याकाळी तेच. पूर्वी तिसऱ्या कडव्याला त्यांचा हात घाई करायचा, रिकामी जागा लवकर ओलांडावी तसा. आता ते प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायचे. समोर कुणीतरी श्वास घेत असल्यासारखे.

पुढच्या दिवाळीनंतर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका मंडईत दुपारी कलावंतांचा सत्कार होता. मास्तरांना बोलावलं होतं, गाणंही व्हायचं होतं. त्यांचा गुडघा धरला होता म्हणून मी सोबत गेले. डबा, पाणी, गोळ्या, शाल ठेवायला पिशवी, सगळं घेतलेलं. मास्तर मंचावर गेले आणि मी बायकांच्या बाजूला जागा शोधत होते, तोच कुणीतरी माझा पदर ओढला. नागऱ्याची मावशी. या गावात तिची भाची दिली होती, मंडईला पाहुणी म्हणून आली होती.

"त्याले सांगू नोको," ती म्हणाली आणि सरकून मला जागा दिली.

निवेदक नवीन होता, पण कुणीतरी त्याला पढवलेलं असावं. संगीत मास्तरांचं, म्हणाला, आणि शब्द, म्हणून त्याने कागदात बघून तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, लाऊडस्पीकरवर, झेंडूच्या तोरणाखाली, सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बाजूने एवढंच ऐकू आलं, "भोंगा लई मोठा ठेवला बाई यानं."

एका तरुण मुलीने दोन कडवी गायली. चांगली गायली. मग ती रिवाजाप्रमाणे मागे सरकली आणि पेटी एकटी सुरू झाली. मास्तर मान खाली घालून वाजवत होते. मंडपात बायका आपापसांत बोलत होत्या, पोरं जिलेबी मागत होती. माझ्या उजव्या बाजूला मावशीने पदर तोंडाशी धरला आणि पदरामागे तिचे ओठ हलायला लागले.

मी एवढी जवळ बसले होते की एक शब्द जरी बाहेर आला असता तरी ऐकू आला असता. येतही होता. पहिलं अक्षर आलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे ऐकायचा हक्क असलेला माणूस मंचावर आहे. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. घट्ट बसलं होतं, खडखडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पुढच्या बाईने वळून माझ्याकडे रागाने पाहिलं. पेटी थांबेपर्यंत मी झाकणाशी खेळत राहिले.

मास्तर ओळीओळीला थांबत होते. शेवटच्या ओळीला तर बायकांच्या बाजूकडे बघत इतके थांबले की गाणारी मुलगी संपलं समजून पुढे आली. मग त्यांनी उरलेले सूर वाजवले. मी मान वळवली तेव्हा मावशी उठून भाचीच्या घराकडे निघाली होती. मागे वळली नाही.

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले. शाल मांडीवर, नारळ पायाशी. मावशीचं मी सांगणार नव्हते; शब्द दिला होता. गोळी काढून दिली, ती त्यांनी घेतली.

"मॅडम," ते म्हणाले, "तिसऱ्या कडव्याले तुमचा डब्बा वाजला."

मी म्हटलं, चुकलं. झाकण घट्ट होतं.

त्यांनी बाहेरच्या कापणी झालेल्या बांध्यांकडे पाहिलं.

"वाजू द्या जी," ते म्हणाले. "नुसती पेटी चालू असती अन माज्या आधी तुमी शब्द आयकले असते, तं मले राग आला असता."